‘द फँटम ऑफ द ऑपेरा’: वीस हजार फ्रँकांची चोरी आणि एक सेफ्टीपीन

गास्ताँ लरूची ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ बहुतेकांना न वाचताच माहीत असते. मुखवटा, कोसळणारं झुंबर, तळघरातलं तळं, होडीतून पळवून नेलेली गायिका. ही चित्रं डोक्यात ठेवून पुस्तक उघडलं की पहिल्या शंभरेक पानांत हमखास हिरमोड होतो, कारण तिथे प्रेमकथा चवीपुरती आणि ऑफिसातली भानगड ताटभर वाढलेली आहे. पॅरिस ऑपेराचे दोन नवे मॅनेजर, लाल शाईतली उद्धट पत्रं, दरमहा वीस हजार फ्रँकांची मागणी, पाच नंबरचा बॉक्स (प्रेक्षकांसाठीची स्वतंत्र, आडोशाची बैठक) कुणालाही विकायचा नाही ही अट, आणि या सगळ्यात मध्यस्थ म्हणून विटक्या शालीतली मादाम जिरी. पुस्तकाचा सगळ्यात चोख भाग हाच आहे, आणि बहुतेक सिनेमा-रंगभूमीवाल्यांनी त्यातलाच बराचसा कापून टाकला.

रहस्यकथेच्या वाचकांनी ही कादंबरी ‘कोझी मिस्टरी’ म्हणून हातात घ्यावी. बंदिस्त वास्तू, एकमेकांना ओळखणारा गोतावळा, मृत्यू होतात पण रक्त अंगावर उडत नाही, भरपूर गॉसिप, थोडा चावटपणा आणि शेवटी बऱ्याच गोष्टींचा हिशेब. पहिला दोन-तृतीयांश भाग या साच्यात छान बसतो. शेवटचा एक-तृतीयांश मात्र साचा मोडून भुयारात, आरशांच्या खोलीत आणि बंदुकीच्या दारूच्या पिंपांत शिरतो. नारायण धारपांच्या वळणाची, अंगावर सरसरून काटा आणणारी भीती शोधणाऱ्यांनीही इथे फार आशा ठेवू नये. भीती आहे, पण लेखक तिच्याकडे बातमीदाराच्या नजरेनं बघतो.

त्याचं कारण उघड आहे. लरू (१८६८–१९२७) कोर्टाच्या बातम्या देणारा पत्रकार होता. ‘ल मातँ’ या दैनिकासाठी त्यानं खटले कव्हर केले, १९०५ च्या रशियातल्या क्रांतीची वार्तापत्रं पाठवली, आणि १९०७ मध्ये बंद खोलीच्या रहस्यावर एक कादंबरी लिहून नाव कमावलं. ‘फँटम’ सप्टेंबर १९०९ ते जानेवारी १९१० या काळात ‘ल गोल्वा’ दैनिकात क्रमशः आली आणि १९१० मध्ये पुस्तकरूपानं निघाली. निवेदक हा चौकशी करणारा माणूस आहे. त्याच्यापुढे एका मॅनेजरच्या आठवणींचं पुस्तक आहे, तपास न्यायाधीशाचं म्हणणं आहे, पत्रं आहेत, एका इराणी गृहस्थाची कागदपत्रं आहेत. भूत खरंच होतं आणि मी ते सिद्ध करतो, असा दावा तो पहिल्याच ओळीत ठोकतो आणि मग फाइल उघडून बसतो.

घटना ‘तीस वर्षांपेक्षा जुन्या नाहीत’ एवढंच तो सांगतो. नेमकं साल देत नाही, पण शोधता येतं. पहिल्याच प्रकरणात सेट हलवणाऱ्यांचा मुकादम जोसेफ बुके तिसऱ्या तळघरात फास लागून मेलेला सापडतो, ते एका शेतघराच्या सेटच्या आणि ‘ल र्वा द लाहोर’च्या एका दृश्याच्या मधल्या जागेत. मास्नेचा हा ऑपेरा याच थिएटरात २७ एप्रिल १८७७ रोजी पहिल्यांदा झाला, म्हणजे कथा त्याच्या आधीची नाही. पुढे भुताच्या एका पत्रात १८८५ साल भविष्यातलं म्हणून येतं. त्यामुळे कथा या दोन सालांच्या मधली. रंगमंच गॅसच्या दिव्यांवर चालतो, तेही याला धरूनच आहे. थोडक्यात, १९१० च्या वाचकालासुद्धा ही ‘जुन्या काळातली’ गोष्ट होती.

आता मूळ भानगडीकडे. पुढच्या काही परिच्छेदांत पहिल्या चोरीची उकल आहे. स्वतः डोकं लावायचं असेल तर ‘इमारत’ हा शब्द येईपर्यंत उडी मारा.

जुने मॅनेजर देबियेन आणि पोलिन्यी तडकाफडकी निवृत्त होतात. नवे येतात रिशार आणि मोंशार्मां. रिशार स्वतः संगीतकार, मोंशार्मांला मात्र सा आणि प मधला फरक कळत नाही, आणि तरीही आठवणी लिहितो तोच. जुने मॅनेजर जाताना त्यांना सरकारी करारनामा दाखवतात. त्यात मॅनेजरचा परवाना कधी रद्द होतो त्याची कलमं आहेत, आणि शेवटी लाल शाईत, पोरकट वेड्यावाकड्या अक्षरात एक कलम वाढवलेलं: ऑपेराच्या भुताला दरमहा द्यायचे वीस हजार फ्रँक, म्हणजे वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, पंधरवड्यापेक्षा जास्त थकवले तरीही परवाना रद्द. दुसरीकडे, राष्ट्राध्यक्ष आणि मंत्र्यांच्या राखीव बॉक्सांच्या यादीत पाच नंबरचा बॉक्स भुतासाठी राखीव. नव्या मॅनेजरांना वाटतं, जुन्यांनी जाता जाता केलेली ही थट्टा आहे. खंडणी मागताना सरकारी करारनाम्याची भाषा वापरणारं भूत ही कल्पनाच मस्त आहे, आणि लरू तिचा शेवटपर्यंत वापर करतो.

मादाम जिरी ही बॉक्सची दारं उघडणारी बाई. पॅरिसच्या थिएटरांत या बायका प्रेक्षकांना बॉक्सपर्यंत नेत, पाय ठेवायला छोटं बाकडं आणून देत आणि टिपवर जगत. भूत बाकडं मागतं, निघताना दोन फ्रँक ठेवतं, कधी पाच, क्वचित दहा. गोळ्यांचा डबासुद्धा ठेवतं. मॅनेजर तिची उलटतपासणी घेतात तो प्रसंग सावकाश वाचावा. बाई भूत पाहिलं नाही, फक्त ऐकलं असं ठामपणे सांगते, आणि बाकड्याचा विषय निघाला की तिला जराही विचित्र वाटत नाही. गिऱ्हाईक मागतं, आपण देतो.

ती भुताला फितूर का झाली, याचं उत्तर एका पत्रात आहे. तिची मुलगी मेग ऑपेरात नाचणाऱ्या पोरींपैकी एक. भूत त्या आईला एक यादी पाठवतं. अमुक साली अमुक नर्तकी मार्कीस झाली, १८३२ मध्ये मारी ताग्लिओनी काउंटेस झाली, १८४७ मध्ये लोला माँतेझ बव्हेरियाच्या राजाच्या मेहेरबानीनं लँड्सफेल्डची काउंटेस झाली, आणि सगळ्यात शेवटी: १८८५, मेग जिरी, सम्राज्ञी! बाई विरघळली नसती तरच नवल. ताग्लिओनीची नोंद आणि लोलाचं काउंटेसपद इतिहासाशी जुळतं. पोर्तुगालच्या राजघराण्यात गेलेल्या ‘तेरेझ हेस्लर’ची नोंद मात्र घसरलेली आहे. तिथे खरी बाई एलिझ हेन्सलर, ती नर्तकी नसून गायिका, आणि तिचं लग्न १८६९ मध्ये झालं, तेही राजाच्या भावाशी नव्हे तर राजाचा बाप असलेल्या फर्नांदोशी. चूक लरूची की भुतानं मुद्दाम ठोकून दिलेली, ते वाचकानं ठरवावं. लाच म्हणून यादी बिनतोड आहे.

चोरीचे टप्पे असे. भूत एक लिफाफा पाठवतं: यात हजाराच्या वीस नोटा घाला, तुमचंच सील लावा आणि मादाम जिरीच्या हाती द्या, पुढचं ती बघेल. मॅनेजर नोटा मोजून घालतात, सील करतात, देतात. जिरी तो बॉक्सात ठेवते. दोघं खेळ संपेपर्यंत दबा धरून बसतात. लिफाफा तसूभर हलत नाही, कुणी जवळ फिरकत नाही. थिएटर रिकामं झाल्यावर फोडून बघतात तर सील शाबूत आणि आत वीस नोटा, फक्त त्या ‘बँक ऑफ सेंट फार्स’च्या, म्हणजे खोट्या.

यातली युक्ती जुन्या जादूगारांची आहे: सगळ्यांची नजर जिथे आहे तिथे काहीच घडत नाही. जिरीच्या बाहीत आधीपासूनच दुसरा, हुबेहूब, सील केलेला लिफाफा आहे. बॉक्सात जातो तो हा. खरा लिफाफा बाहीत राहतो आणि नंतर विंगेतल्या गर्दीत ती तो हळूच रिशारच्या फ्रॉककोटाच्या मागच्या खिशात सारते. तिथून भूत काढून घेतं. मॅनेजरच्या खिशातच का? कारण संशय आला तर झडती जिरीची होणार, स्वतःचा खिसा कोण तपासणार? शिवाय पैशाचं फक्त दोघांना माहीत असल्यामुळे मोंशार्मां रिशारकडे आणि रिशार मोंशार्मांकडे संशयानं बघू लागतात. भुताची खरी लूट वीस हजारांची नव्हे, भागीदारीची आहे.

दुसऱ्या महिन्यात ते सगळा प्रकार पुन्हा जसाच्या तसा घडवून आणतात, यावेळी सेफ्टीपीन घेऊन. आणि इथे लरूनं केलेली मांडणी शिकण्यासारखी आहे. कारण आधी सांगून मग परिणाम दाखवण्याऐवजी तो आपल्याला सरळ विंगेत उभं करतो, नोकरांच्या बाजूला. रेमी, मर्सिये आणि गाब्रिएल बघताहेत: रिशार समोर कुणी नसताना कमरेत वाकून नमस्कार करतोय, मग पाठमोरा चालत मागे सरकतोय. मोंशार्मांही पाठमोरा, आणि ‘मॅनेजरला हात लावू नका’ असं खेकसतोय. नायिका रंगमंचावरून नाहीशी झालीय, थिएटरभर हलकल्लोळ, आणि मॅनेजर ऑफिसात दार लावून बसलेत. सेफ्टीपीन मागतात. मर्सिये दार ठोठावून सांगतो की क्रिस्तीन दाएला पळवून नेलं. उत्तर येतं, ‘बरं झालं!’ आणि त्याच्या तळहातावर काहीतरी टेकवून दार बंद. मूठ उघडतो तर सेफ्टीपीन.

हे सगळं आपण वेडेपणा म्हणून वाचतो. खुलासा पुढच्या प्रकरणांत येतो आणि प्रत्येक माकडचेष्टेला कारण होतं हे लक्षात येतं. वाकणं कशासाठी, तर पहिल्या वेळी मोठ्या सरकारी पाहुण्यासमोर रिशार वाकला होता आणि तेवढ्यात खिसा कापला गेला असावा. पाठमोरं चालणं कशासाठी, तर मागून कुणी येऊ नये म्हणून. रहस्यकथेत विनोद आणि पुरावा एकाच वाक्यात बसवणं अवघड काम आहे. ते इथे जमलंय.

दुसऱ्या चोरीत पीन जागच्या जागी राहते आणि पैसे जातात. त्याचं उत्तर इथे देत नाही, पण तक्रार नोंदवतो. पहिल्या चोरीची किल्ली वाचकाच्या हातात आधीच होती. दुसऱ्या चोरीची किल्ली लरू खिशातच ठेवतो आणि उपसंहारात दोन-चार ओळींत काढून दाखवतो. ऑफिसच्या खोलीविषयी एखादं वाक्य जरी आधी पेरलं असतं तर डाव बरोबरीचा झाला असता. पाच नंबरच्या बॉक्सातल्या आवाजाचा खुलासाही असाच उशिरा येतो, पण तिथे निदान संगमरवरी खांबाचा उल्लेख आधी होऊन गेलेला आहे. बारकाईनं वाचणाऱ्याला पकडता येतो.

इमारत हे या पुस्तकातलं सगळ्यात भरवशाचं पात्र. शार्ल गार्निएचं हे थिएटर १८६१ मध्ये बांधायला घेतलं आणि ५ जानेवारी १८७५ रोजी उघडलं. मधल्या काळात प्रशियाशी युद्ध आणि पॅरिस कम्यून होऊन गेलं, तेव्हा अर्धवट इमारत धान्याचं कोठार म्हणून वापरात होती. कम्यूनच्या काळातली तळघरं आणि तिथे सापडलेला सांगाडा या गोष्टी लरू कथेत ओवतो ते या इतिहासाच्या जोरावर. प्रस्तावनेतला फोनोग्राफचा प्रसंगही हवेतला नाही: डिसेंबर १९०७ मध्ये नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिका खरोखरच सीलबंद करून शंभर वर्षांसाठी ऑपेराच्या तळघरात ठेवल्या होत्या.

तळ्याविषयी मात्र गैरसमज फार. पाया खणताना भूजल लागलं. १८६२ मध्ये मार्च ते ऑक्टोबर वाफेचे पंप अहोरात्र चालवूनही पाणी हटेना. मग गार्निएनं दुहेरी भिंतीचं काँक्रीटचं प्रचंड टाकं बांधलं आणि त्यात पाणी भरून ठेवलं. आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या भूजलाला तोलून धरतो आणि आग लागल्यास साठाही हाताशी राहतो. ते टाकं आजही आहे. बुटक्या कमानी, दाट खांब, मिट्ट काळोख. पॅरिसचे अग्निशामक पाणबुडे तिथे सराव करतात. चित्रपटात दिसतं तसं मेणबत्त्यांच्या रांगांमधून होडी वल्हवण्याइतकं प्रशस्त तिथे काही नाही. लरूनं त्याचं तळं केलं, पण तळ्याच्या काठी घर का, याचं कारण मात्र पटेल असं दिलंय: भूत म्हणजे एरिक हा गवंडी-कंत्राटदारांपैकी एक, पाया घालताना त्यानं दुहेरी भिंतींच्या मधली जागा स्वतःसाठी राखून ठेवली. या एका वाक्यानं चोरवाटा, फिरते आरसे आणि फळ्या या सगळ्यांचा हिशेब लागतो.

झुंबराच्या बाबतीत लरू बातमीदाराचा मसाला वापरतो. २० मे १८९६ रोजी प्रयोग चालू असताना झुंबराच्या तोलाचं एक वजन छतातून खाली आलं आणि एक बाई दगावली. ती एका इमारतीची दाररक्षक होती. झुंबर जागेवरच राहिलं. कादंबरीत अख्खं झुंबर कोसळतं आणि वर्तमानपत्राचा मथळा येतो की दाररक्षक बाईच्या डोक्यावर दोन लाख किलो. खरं झुंबर सात-आठ टनांचं, म्हणजे मथळ्यानं पंचवीसेक पट फुगवलंय. मेलेली बाई कोण, तर मादाम जिरीच्या जागी नेमलेली. भुताच्या माणसाला कामावरून काढण्याची ही शिक्षा. प्रत्यक्ष अपघातातली दाररक्षक उचलून कटाच्या साखळीत इतक्या नेमक्या जागी बसवणं हे कसबी काम आहे.

इंग्रजी आवृत्त्यांना जोडलेल्या ऑपेरा हाउसच्या माहितीत २,५३१ दारं आणि ७,५९३ किल्ल्या असा आकडा येतो. दाराला बरोबर तीन किल्ल्या! कुणी मोजल्या असतील असं वाटत नाही, गुणाकार केला असावा. तरी वाचताना हा आकडा डोक्यात असू द्या. इतक्या दारांच्या घरात कुणी लपून राहू शकतं हे मग सहज पटतं.

ऑपेराचं ज्ञान किती लागतं? फार नाही, पण गुनोचा ‘फाउस्ट’ हा ऑपेरा थोडा माहीत असायलाच हवा, कारण कथेचे दोन्ही मोठे धक्के त्यातल्या नेमक्या जागी बसवलेले आहेत. म्हातारा विद्वान सैतानाला आत्मा विकून तरुण होतो, मार्गारीत त्याच्यामुळे नासते, तुरुंगात जाते, शेवटी देवदूत तिला वर नेतात. तिसऱ्या अंकात बागेचं दृश्य आहे. तिथे मार्गारीतचं दागिन्यांचं गाणं सुखरूप पार पाडून प्रमुख गायिका कार्लोता युगुलगीतात शिरते आणि तिच्या गळ्यातून बेडकासारखा ‘क्वॅक’ निघतो. शेवटच्या अंकात तुरुंगाचं दृश्य, सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी नायिका) देवदूतांना आर्त हाक मारते, स्वर पायरीपायरीनं वर चढत जातात. नेमक्या त्या क्षणी दिवे जातात आणि क्रिस्तीन नाहीशी होते. ही दोन दृश्यं, म्हणजे दागिन्यांचं गाणं आणि तिघांनी मिळून गायलेलं शेवटचं गाणं, आधी एकदा ऐकून घ्या. देवदूतांना बोलावणारी मुलगी आणि ‘संगीताचा देवदूत’ म्हणवून घेणारा अपहरणकर्ता हा लरूचा कावा त्याशिवाय पोचत नाही.

दिवे जातात कसे, हेही त्यानं सोडलेलं नाही. गॅसच्या सगळ्या नळ्यांचे कॉक रंगमंचाजवळ एका ठिकाणी असत. नळ्यांच्या रांगेमुळे त्या जागेला ऑर्गनचं नाव होतं. तिथला प्रमुख मोक्लेर आणि त्याचे मदतनीस गुंगीच्या औषधानं झोपवलेले सापडतात. एकाच जागी बसून अख्खं थिएटर अंधारात लोटता येणं हे गॅसच्या काळात शक्य होतं, आणि भूत त्याचा फायदा घेतं. अशा ठिकाणी लरूवर विश्वास बसतो.

सुरुवातीच्या गौरवसोहळ्यात गुनो, सें-साँ, मास्ने, दलीब स्वतः आपापल्या रचना वाजवून घेतात, गायक फोर आणि क्राउस हजर असतात. ही सगळी खरी माणसं. गोंधळ एकच: तपास न्यायाधीशाचं नावही फोर आहे. गायक फोर निराळा, कायद्याचा फोर निराळा. समासात टीप करून ठेवा.

भारतीय वाचकाला चिकटणारी एक गोष्ट म्हणजे ‘पंजाबी फास’. एरिक भारतात राहून हा फास टाकायला शिकला असं पुस्तक सांगतं. इतिहासातले ठग कापडी रुमालानं गळा आवळत आणि त्यांची कुप्रसिद्धी मुख्यतः मध्य भारतातल्या वाटांवरची. लांबून भिरकावण्याचा पंजाबी फास ही लरूची भेसळ. पण तिचा उपयोग त्यानं हुशारीनं केलाय. बुकेचं प्रेत लाहोरच्या देखाव्याशेजारी लटकतं आणि दोर गायब होतो. हत्याराचं नाव कळायला बराच अवकाश असतो, पण लाहोरच्या रंगवलेल्या पडद्यानं पंजाबकडे बोट आधीच दाखवून ठेवलंय. लरूला हे सुचलं होतं की नकळत घडलं, सांगता येत नाही. सुचलं असेल तर पुस्तकातला सर्वांत सुरेख इशारा हाच.

फासावरचा बचावही व्यवहारी आहे. तळघरात उतरताना इराणी गृहस्थ क्रिस्तीनच्या शोधात निघालेल्या राउलला, म्हणजे कथेच्या नायकाला, सांगतो की हात डोळ्यांच्या उंचीवर, कोपरात वाकवून, पिस्तूल रोखल्यासारखा धर. पिस्तूल असो वा नसो. दोर आला तर तो मानेबरोबर हाताभोवतीही पडतो आणि आवळला जात नाही. पुढची कित्येक पानं दोन सुखवस्तू पुरुष अंधारात हात वर धरून चालताहेत. भीतिदायक आणि हास्यास्पद, दोन्ही एकदम.

हा इराणी, इराणमधल्या माझंदरानचा माजी दरोगा म्हणजे पोलीसप्रमुख, या कथेतला खरा गुप्तहेर. एरिकला जुना ओळखतो, एकदा त्याचा जीव वाचवलाय, त्याच्या बांधकामाच्या सवयी त्याला पाठ आहेत. फिरत्या आरशामागचा तोलाच्या वजनांचा खटका, पाण्याखाली वेळूच्या नळीनं श्वास घेत गाण्याची युक्ती, सगळ्यांची फोड तोच करतो. रंगमंचावरच्या आणि पडद्यावरच्या बहुतेक रूपांतरांनी त्याला गाळलं किंवा दुसऱ्या पात्रात मुरवलं, आणि मग रहस्यकथेचं नुसतं प्रेमनाट्य उरलं.

आता जे जमलेलं नाही ते. राउल द शाग्नी हा नायक म्हणून फार कच्चा. रडतो, चिडतो, दारामागून ऐकतो, पुन्हा रडतो. ‘अपोलोची वीणा’ हे छपरावरचं प्रकरण नको तितकं लांबलंय: क्रिस्तीन दोन आठवड्यांची हकीकत एका बैठकीत सांगते आणि राउल मध्येमध्ये हुंकार भरतो. दैनिकातली मालिका असल्यामुळे मागचं पुन्हा आठवून देण्याची सवयही जाणवते. आरशांची षट्कोनी खोली, लोखंडी झाड, कृत्रिम जंगलातला उकाडा हा भाग कल्पनेत थरारक आहे, पण इराण्याच्या संथ निवेदनात ताण सैल पडतो. विंचू आणि नाकतोड्याच्या आकाराच्या दोन खटक्यांतून एक निवडण्याचा शेवट मात्र पक्का: एक फिरवला तर पाणी, दुसरा फिरवला तर स्फोट, आणि निवड करणारीला कुठला कशाचा याची खात्री नाही.

वाचायचा क्रम: प्रस्तावना गाळू नका, पुराव्यांची यादी तिथेच आहे. पाच नंबरच्या बॉक्सची दोन्ही प्रकरणं आणि सेफ्टीपिनेची दोन्ही प्रकरणं शक्यतो सलग दोन संध्याकाळींत उरका, मध्ये आठवडा गेला तर लिफाफ्यांचा हिशेब सुटतो. छपरावरचं प्रकरण भरभर चाळलं तरी चालेल. उपसंहार सावकाश.

आवृत्ती घेताना सावध राहा. इंग्रजीतलं सगळ्यात स्वस्त, आणि इंटरनेटवर फुकट मिळणारं भाषांतर अलेक्झांडर तेइशेरा द मातोस यांचं, १९११ मधलं. ते वाचायला सुरळीत आहे, पण त्यात काटछाट आहे. ज्या स्वस्त पुनर्मुद्रणावर भाषांतरकाराचं नावच नसतं, ते बहुधा हेच असतं. पूर्ण मजकूर हवा असेल तर पेंग्विन क्लासिक्समधलं मिरेय रिबिएर यांचं (२००९) किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधलं डेव्हिड कोवर्ड यांचं (२०१२) घ्या. टिपा असल्यामुळे त्या काळच्या गायक-नर्तकींची नावं लागतात. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्या या कामाच्या नाहीत. त्या मॅनेजरांना दोन पानांत गुंडाळतात. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं तर अनुक्रमणिका उघडा: सेफ्टीपीन शीर्षकात असलेली दोन प्रकरणं दिसली पाहिजेत. एकच दिसलं किंवा एकही नसलं, तर पुस्तक परत शेल्फवर ठेवा.